खूण नसलेली आगपेटी

काळे मणी रव्याच्या चाळणीतून झकास चाळले जातात, हा शोध मला विसाव्या वर्षी लागला आणि त्याचा मला भयंकर अभिमान वाटला. जाड मणी चाळणीत वर राहतात, बारीक खाली परातीत पडतात. ती परात पितळेची होती, त्यामुळे मण्यांचा आवाज सगळ्या घरभर होत होता आणि ऐकायला घरात मी एकटीच होते.

घर कुमुदमावशीचं. कऱ्हाडच्या एका पेठेत दोन खोल्या आणि मागे न्हाणीघर. बी.कॉम.ची परीक्षा देऊन मी तिच्या सोबतीला आले होते. निघताना आईने बजावलं होतं, "तिथे जाऊन शहाणपणा करू नकोस." पण मावशी दोन दिवस नणंदेकडे बारशाला गेली, आणि शहाणपणा करायला इतकी मोकळी जागा मला आयुष्यात पहिल्यांदाच मिळाली होती.

मावशी मण्यांचं काम करायची. तोरणं, पंगतीत ताटाभोवती मांडायच्या मोत्यांच्या महिरपी, मुंडावळ्या, गौरींचे दागिने, आणि बायकांची मंगळसूत्रं गाठवून देणं. हात असा, की तिची मुंडावळ बांधलेला काळासावळा नवरदेवही फोटोत राजबिंडा दिसावा. पण सामान! मोती बामच्या बाटल्यांत, लाल मणी दंतमंजनाच्या डब्यात, टिकल्या काकांच्या दाढीच्या साबणाच्या डबीत, आणि हे सगळं कडी मोडलेल्या एका ट्रंकेत. पांढरे मोती शोधायला बाटली उघडावी तर आतून सुपारीची खांडं निघत. मला लहानपणापासून पसारा बघवत नाही. दुसऱ्याचा तर मुळीच नाही.

मी हार्डवेअरच्या दुकानातून खणाखणांचे दोन प्लॅस्टिकचे डबे आणले, इलेक्ट्रिशियन लोक स्क्रू ठेवतात तसले. दिवसभर बसून रंगाप्रमाणे, आकाराप्रमाणे मणी लावले. प्रत्येक खणावर चिकटपट्टी आणि चिकटपट्टीवर माझ्या टपोऱ्या अक्षरात नाव. दुसऱ्या दिवशी सकाळी ट्रंकेच्या तळाशी एक रुमाल सापडला. रुमालात चार आगपेट्या. प्रत्येकीत काळे मणी, आणि मण्यांबरोबर कचरा. एकीत चार मूग, दुसरीत हुलगे, तिसरीत साबुदाणा. चौथीत तेवढे नुसतेच मणी.

'मावशीचं आपलं स्वयंपाकघर आणि ट्रंक एकच,' मी मनाशी म्हटलं. मूग, हुलगे, साबुदाणा, सगळं खिडकीत टाकलं. चिमण्यांनी पाच मिनिटांत पुरावा नष्ट केला. चारी पेट्यांतले मणी चाळणीत ओतले, चाळले, जाड एका खणात भरले, बारीक दुसऱ्यात. 'काळे – जाड', 'काळे – बारीक'. आगपेट्या बंबात घातल्या.

दुपारी मावशी आली. पिशवी खाली ठेवायच्या आत मी तिच्यापुढे दोन्ही डबे उघडून धरले.

"अगं बाई! दुकान मांडलंस की गं!" ती हसायला लागली. खाली बसून एकेक खण बोटाने चाचपू लागली. "हे गुलाबी मला दोन वर्षं सापडत नव्हते. कुठे होते?"

"खोकल्याच्या औषधाच्या बाटलीत."

"तरीच." ती आणखी हसली. मग रिकाम्या ट्रंकेकडे तिचं लक्ष गेलं. "रुमाल कुठाय?"

"धुतला."

"आणि त्यातल्या आगपेट्या?"

"त्यातलेच हे काळे. बघ ना, जाड वेगळे, बारीक वेगळे."

मावशीने हात मागे घेतला. 

"मूग कुठल्या मण्यांत होते, आठवतंय?"

"मूग चिमण्यांना टाकले. मावशी, काय झालं? काळे मणी सगळे सारखेच असतात ना?"

"असतात," ती म्हणाली. आणि भिंतीला टेकून बसली.

मंगळसूत्राचा दोरा जुना झाला की तुटायच्या आधीच ते गाठवून घ्यायचं असतं. तुटलं म्हणायचं नाही, वाढलं म्हणायचं. एवढं मलाही माहीत होतं. मावशीची पद्धत मला माहीत नव्हती. तिने ती सासूकडून घेतलेली. बाईने सोन्याच्या वाट्या घरीच ठेवायच्या, मणी तेवढे हिच्याकडे द्यायचे. गळ्यात तोवर रोजचं छोटं. मावशी मणी रिठ्याच्या पाण्यात धुणार, सावलीत वाळवणार. मग ठरल्या दिवशी बाईने वाट्या घेऊन समोर बसायचं आणि मावशीने तिच्यासमोर ओवायचं. ज्या मण्यांवर लग्न लागलं तेच मणी परत त्याच गळ्यात गेले पाहिजेत, एकही इकडचा तिकडे नाही. शेवटची गाठ मारताना मावशी म्हणायची, "घे बाई, तुझं तुला." आणि दाताने दोरा तोडायची.

नावं ती लिहीत नसे. चौथीत शाळा सुटलेली, अक्षर लाजरं. म्हणून ह्या खुणा. साबुदाणा देसाईबाईंचा, कारण त्या आठवड्यातून तीन उपास करत. हुलगे छबूचे, कारण तिचं माहेर माण तालुक्यातलं, हुलग्याच्या मुलखातलं. आणि मूग पिसाळकाकूंचे.

"त्या मूग गिळून कधी बसल्या नाहीत, म्हणून," मावशी म्हणाली. एरवी मी पोट धरून हसले असते.

"आणि चौथी? तिच्यात काहीच नव्हतं."

"ती माझी. आपल्या मण्यांना खूण कशाला लागते?"

मला पहिल्यांदा कळलंच नाही. मग कळलं. काका जाऊन दोन वर्षं झाली होती. डॉक्टरांकडे कंपाउंडर होते ते, दवाखान्यातच खुर्चीत बसल्या बसल्या गेले. मावशीच्या गळ्यातून काढलेले मणी तिने त्या चौथ्या आगपेटीत ठेवले होते. आणि मी ते तीन सवाष्णींच्या मण्यांत कालवून, वर चाळणीने चाळले होते.

काका गेल्यावर पेठेत कुणी तिला वाकडा शब्द बोललं नाही. फक्त मंगळसूत्रं यायची बंद झाली. तोरणं येत होती, महिरपी येत होत्या. तोरणाला विधवेचा हात चालत होता. दोन वर्षं ह्या बाईने, जिने अर्ध्या पेठेची मंगळसूत्रं गाठवली, गळ्यात घालायचं एकही ओवलं नव्हतं. आणि ह्या वर्षी वटपौर्णिमेच्या तोंडावर आपल्या पायांनी तिघी आल्या होत्या. पहिल्या तिघी. त्या गळ्यात मंगळसूत्र घालून परतल्या तर मागून बाकीच्या येणार होत्या, आणि त्या उठून गेल्या तर पुन्हा कुणी येणार नव्हतं.

वटपौर्णिमा तीन दिवसांवर होती.

आम्ही पांढरं फडकं अंथरून दाराच्या उजेडात बसलो. मावशीने काकांचं भिंग आणलं. छबूच्या लग्नाला चारच वर्षं झालेली, तिचे मणी जरा चमकदार असतील असं वाटलं. काही निघालेही. पण उरलेले सगळे झिजलेले, सगळ्यांची भोकं रुंदावलेली. पिसाळकाकूंच्या लग्नाला चाळीस वर्षं, मावशीचे मणी सव्वीस वर्षं गळ्यात. मावशी एक मणी चिमटीत धरून म्हणाली, "हा माझा वाटतो." थोड्या वेळाने दुसरा धरून म्हणाली, "नाही, हा." तिसऱ्यानंतर तिने भिंग खाली ठेवलं.

"नवे मणी आणू," मी म्हणाले. "सगळ्यांना नवे ओवून देऊ. मी आत्ता जाते. कुणाला कळणारसुद्धा नाही."

"मग शेवटच्या गाठीला मी काय म्हणू?"

"म्हण की नेहमीचंच. 'तुझं तुला.'"

"त्यांचं नसताना?"

 मावशी रागावली असती तर बरं झालं असतं. ती उठली, चहा केला, माझ्या कपात दोन चमचे साखर जास्त घातली. मला रडू आवरेना.

"रडतेस काय? सांगायचं त्यांना."

"तू सांग ना मावशी."

"मिसळलेस तू. सांगणार तू."

वटपौर्णिमेच्या आदल्या दिवशी दुपारी तिघी आल्या. पिसाळकाकू पुढे, पदर खोचून, पायरीवरूनच बोलायला सुरुवात केलेली. मागे देसाईबाई, शाळेत शास्त्र शिकवायच्या, बोलायला गोड. छबू सगळ्यात शेवटी. तिचा नवरा ट्रकवर होता. तिघींच्या मुठीत रुमालात बांधलेल्या वाट्या. मध्ये फडक्यावर परात, परातीत एकच काळा ढीग.

"आमच्या हेमाला तुम्हाला काही सांगायचंय," मावशी म्हणाली.

मी दोन दिवस मनात भाषण घोकलं होतं. त्यातला एक शब्द आठवेल तर शपथ.

"मी सगळ्यांचे मणी एकत्र केले," मी म्हणाले. "चाळणीने चाळले. मला माहीत नव्हतं. आता ते वेगळे होत नाहीत. आणि त्यात मावशीचेपण आहेत. मावशीचे म्हणजे... काका गेल्यावर काढून ठेवलेले."

पिसाळकाकू गप्प झाल्या. पेठेतल्या कुणालाही खोटं वाटलं असतं, पण झाल्या.

आधी बोलल्या देसाईबाई. "कुमुदताई, माझा स्वतःचा असल्या गोष्टींवर विश्वास नाही. वर्गात मी मुलांना हेच शिकवते. पण घरी सासूबाई आहेत. आणि उद्या काही झालं, म्हणजे होणार नाहीच, पण कुणाला ताप आला तरी माझ्या मनात हेच येत राहील हो." त्या उठल्या. "माझे मणी राहू देत तुमच्याकडेच. मी दुकानातून नवे घेते." उंबऱ्याशी चपला घालायला त्यांना खूप वेळ लागला. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं, हे मी अजूनही त्यांच्या बाजूने सांगते.

त्या गेल्या आणि मावशीने मान खाली घातली. मला वाटलं, झालं. दोन डब्यांच्या हौसेपायी मी हिच्या हातातलं कामच काढून घेतलं. आता छबू उठेल. चार वर्षांचा संसार, नवरा सदा रस्त्यावर. तिच्या जागी मी असते तर पळाले असते.

छबू उठली नाही. ती परातीकडे वाकून बघत होती.

"ताई, तुमच्या गळ्यात किती वरसं हुते मणी?"

"सव्वीस."

"सव्वीस वरसांत दादांशी भांडण झालं का कदी?"

"रोज," मावशी म्हणाली.

"आन् तरी टिकलं?"

"टिकलं की."

"मग झालं तर! माझ्या मण्यांस्नी चार वरसं झाल्यात. अजून काय बी कळत न्हाई त्यास्नी. सव्वीस वरसांच्या मण्यांची संगत लागली तर बिघडलं कुठं?" तिने रुमालाची गाठ सोडली. "माझा मालक महिन्यातलं वीस दिस घाटात असतोय. मण्यांनी माणूस राखला असता, तर म्या ते टायरला बांधलं असतं. ववा तुमी."

मावशीने तिच्या वाट्यांना हात लावला नाही. ती पिसाळकाकूंकडे बघत होती. पेठेत शब्द चालायचा तो काकूंचा.

"माझ्याकडे काय बघतेस?" काकू म्हणाल्या.  "आमच्या ह्यांना न्यूमोनिया झाला होता, तेव्हा तुझा नवरा अकरा दिवस घरी येऊन इंजेक्शनं देऊन गेला. चहासुद्धा घ्यायचा नाही. म्हणायचा, काकू, पेशंट बरा झाला की पुरणपोळी करा. त्या माणसाच्या नावाचे मणी मला बाधतील?"

"तसं नाही काकू—"

"बोलू दे मला. दोन वर्षं मी तुझ्याकडे आले नाही. पहिल्या वर्षी भीतीनं आले नाही. दुसऱ्या वर्षी लाजेनं. आता चाळीस वर्षांची पोत वाढायच्या बेताला आली तेव्हा आले." त्यांनी पदराने नाक पुसलं. "माझी चाळीस वर्षं आहेत त्यात. छबूची चार, तुझी सव्वीस. ओव आता मुकाट्यानं. आणि पोरी, तू काय बघत बसलीस? सुईत दोरा ओवून दे तिला."

मी दोरा ओवून दिला.  दोन वर्षांत मावशी एकही गाठ विसरली नव्हती. मण्यामागून मणी सुईवर चढत होते आणि कुणाचा कुठला ते आता कुणीच विचारत नव्हतं. काकूंना कंठ फुटला. वटपौर्णिमेच्या आंब्यांपासून गावातल्या सगळ्या सुनांपर्यंत त्यांनी समाचार घेतला.

शेवटच्या गाठीशी मात्र सगळे थांबलो. मावशीने फास घातला. "घे बाई," ती म्हणाली. आणि पुढे तिला शब्द सुचेना. 'तुझं तुला' म्हणावं तर ते खरं नव्हतं. तिने गाठ आवळली, दोरा तोडला आणि काहीच न बोलता मंगळसूत्र काकूंच्या ओंजळीत ठेवलं. छबूचंही तसंच दिलं. त्या दोघींनी काही मनावर घेतलं नसेल. मी घेतलं.

दुसऱ्या दिवशी काकू वडाला गेल्या तेव्हा गळ्यातलं दिसेल असा पदर घेऊन गेल्या. न विचारता सगळ्यांना सगळं सांगितलं. दसऱ्यापर्यंत मावशीकडे आणखी पाचजणी येऊन गेल्या. काहीजणी कधीच आल्या नाहीत, देसाईबाई त्यांत होत्या. पण ट्रंकेत पुन्हा रुमाल आला, रुमालात आगपेट्या, आगपेट्यांत मटकी, वाल, मसूर. माझे डबे मावशीने कुरकुरत का होईना वापरले. परातीत उरलेले मणी तिने त्यातल्याच एका खणात भरले. मी चिकटपट्टी घेऊन बसले, तर म्हणाली, "तिथे काही लिहू नकोस."

तीन वर्षांनी माझं लग्न ठरलं. सासरच्यांनी वाट्या पाठवल्या, ओवून घ्यायचं आमच्याकडे होतं, म्हणून आई आणि मी त्या घेऊन मावशीच्या घरी आलो. मावशी कोऱ्या मण्यांची पुडी सोडायला बसली, तेव्हा मी तो बिननावाचा खण तिच्यापुढे ठेवला.

"ह्यातून ओव."

"खुळी की काय तू? ह्यात कुणाचे काय आहेत, माहीत आहे ना?"

"मीच चाळलेत. मला नाही तर कुणाला माहीत असणार?"

"हेमा," आई दारातून म्हणाली, "शहाणपणा करू नकोस."

नवऱ्याला मी आधीच सगळं सांगितलं होतं. ऐकून घेतल्यावर तो म्हणाला होता, "दोरा तेवढा पक्का घाला म्हणावं." माणूस बरा आहे, हे मला तेव्हाच कळलं. ह्या गोष्टीला आता चोवीस वर्षं झाली. तो अजूनही चष्मा कपाळावर ठेवून घरभर चष्मा शोधतो, आणि दोरा मी दर दोन वर्षांनी बदलून घेते.

त्या दिवशी पिसाळकाकू आणि छबूही आल्या होत्या. मी मावशीसमोर पाटावर बसले. तिने रिठ्याने धुतलेले ते मणी फडक्यावर पसरले आणि ओवायला लागली. मध्येच एखादा मणी उजेडात धरायची, बघायची आणि सुईवर चढवायची. 

शेवटची गाठ आली. मावशीने फास घातला.

"घे बाई," ती म्हणाली आणि थांबली. तीन वर्षांपूर्वी थांबली होती तशीच. तिने काकूंकडे पाहिलं, छबूकडे पाहिलं, देसाईबाई गेल्या होत्या त्या उंबऱ्याकडे पाहिलं. मग माझ्याकडे.

"घे बाई, सगळ्यांचं तुला."

आणि दाताने दोरा तोडला.